उशाशी एक डबी

माझी आत्या माण तालुक्यातली. नऊ वर्षांपूर्वी तिला पेसमेकर बसला आणि तेव्हापासून वर्षातून दोनदा पुण्याची फेरी ठरून गेली. दहिवडीहून पहाटेची एसटी, स्वारगेटला उतरून रिक्षा, मग दवाखान्यातल्या बाकावर जेवणाचा डबा मांडीवर घेऊन बसायचं. नंबर लागेपर्यंत दुपार. प्रत्यक्ष तपासणी मात्र घड्याळ लावून पाहिली तर दहा मिनिटांचीसुद्धा नाही.

तपासायला बहुतेक वेळा कंपनीचा माणूस असे. त्याच्याकडे जाडजूड लॅपटॉपसारखं एक यंत्र, त्याला ‘प्रोग्रामर’ म्हणतात. त्याच्या वायरीच्या टोकाला साबणाच्या वडीएवढा ठोकळा. आत्याच्या डाव्या खांद्याखाली कातडीला जिथे उंचवटा लागतो, तिथे तो पदरावरूनच ठेवायचा. “आजी, आता जरा धडधडेल हं. घाबरायचं नाही.” आत्या डोळे मिटून घेई. पडद्यावर रेषा सरकत राहत, तो चारदोन बटणं दाबे, कर्र करत कागदाची पट्टी बाहेर येई. “बॅटरी अजून सात वर्षं आहे. सगळं ओके. सहा महिन्यांनी या.”

हे ‘ओके’ ऐकायला अख्खा दिवस घातला, याचं आत्याला काही वाटत नसे. मलाच वाटे.

त्या दहा मिनिटांत तो माणूस बघतो काय? हृदयाला स्वतःची विजेची व्यवस्था असते. वरच्या कप्प्यात ठिणगी पडते, ती खाली पोचते, ठोका पडतो. ठिणगीच मंद पडली, किंवा वरून खाली येणारी वाट बंद झाली (ज्याला आपण सर्रास ‘ब्लॉक’ म्हणतो, पण हा रक्तवाहिनीतला नव्हे, विजेचा ब्लॉक), की पेसमेकर ती उणीव भरून काढतो. म्हणजे त्याची कामं दोन: हृदयाचं ऐकायचं आणि गरज पडली तरच टोचायचं. टोचणी लागू पडायला कमीत कमी किती व्होल्ट लागतात, हृदयाचा स्वतःचा ठोका यंत्राला किती मिलिव्होल्टचा ऐकू येतो, आणि वायरीचा अवरोध किती ओहम आहे, हे तीन आकडे बघायचे. विहिरीवरच्या मोटारीची केबल कुठे तुटली की करंट जात नाही आणि आवरण सोललं की भलतीकडे गळतो, हे आत्यालाही ठाऊक आहे. हृदयातली वायर याहून वेगळी नाही. ती तुटत आली की ओहमचा आकडा एकदम चढतो, आवरण फाटलं की घसरतो. चौथी गोष्ट म्हणजे बॅटरी, तीच घरच्यांच्या लक्षात राहते.

गंमत अशी, की आजकालचे बहुतेक पेसमेकर हे आकडे रोजच्या रोज स्वतःच मोजतात आणि लिहून ठेवतात. म्हणजे आत्या एसटीत बसायच्या आधीच तिच्या छातीतल्या यंत्राला सगळं ठाऊक असे. उरलेलं काम निरोप्याचं. एका यंत्रातला निरोप दुसऱ्या यंत्रापर्यंत पोचवायला आत्या दोन्ही बाजूंचं तिकीट काढत होती.

हृदयाचा निरोप तारेवरून धाडायची कल्पना पेसमेकरहून बरीच जुनी आहे. हॉलंडमधल्या लायडनच्या विलेम आइंटहोवन यांनी ईसीजी काढायचं जे यंत्र बनवलं, ते सुमारे २७० किलोचं होतं. ते रुग्णापर्यंत नेणं अशक्य आणि रुग्णांना प्रयोगशाळेत आणणं अवघड. मग १९०५ साली त्यांनी रुग्णालयापासून प्रयोगशाळेपर्यंत टेलिफोनची तार वापरली. रुग्ण तिकडे, यंत्र इकडे, मध्ये दीड किलोमीटर. दूर बसून हृदय बघण्याची ही बहुधा पहिली ठळक नोंद, आणि तिचं मूळ यंत्राच्या वजनात.

शरीरात बसवलेला पहिला पेसमेकर १९५८ सालचा. स्वीडनमध्ये शल्यविशारद ओके सेनिंग आणि अभियंता रूने एल्मक्विस्ट यांनी तो आर्ने लार्सन यांना बसवला, तेव्हा लार्सन ४३ वर्षांचे होते. एल्मक्विस्टनी सर्किटभोवती रेझिन ओतलं ते बूटपॉलिशच्या डबीचा साचा करून. ते यंत्र काही तासांतच बंद पडलं, दुसरं बसवावं लागलं. पुढे आयुष्यभरात लार्सनना एकूण २६ पेसमेकर लागले. ते ८६ वर्षं जगले, सर्जन आणि अभियंता दोघांच्याही मागे राहिले आणि २००१ साली गेले, तेही हृदयविकाराने नव्हे.

एका माणसाला २६ यंत्रं लागतात, यात दूरच्या देखरेखीची सगळी गरज आली. सुरुवातीच्या पाऱ्या-जस्ताच्या बॅटऱ्या जेमतेम दोनेक वर्षं टिकत आणि कधी संपतील याचा नेम नसे. लवकर बदलावं तर एक ऑपरेशन फुकट, उशीर झाला तर माणूस जातो. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या मॉन्टिफिओरी रुग्णालयातले डॉ. सेमूर फर्मन यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला यावर घरातल्या टेलिफोनचा उपाय काढला. तो इतका साधा होता की मला अजून त्याचं अप्रूप वाटतं. रुग्णाने दोन्ही मनगटांना पट्टे लावायचे. पट्ट्यांतून आलेल्या ईसीजीचं एक छोटं यंत्र आवाजात रूपांतर करी, रेघ वर गेली की सूर चढा, खाली आली की उतरता. फोनचा रिसीव्हर त्या यंत्रावर ठेवला की दवाखान्यात पलीकडे तो सूर पुन्हा रेघ होऊन कागदावर उमटे.

आणि एक लोहचुंबक. पेसमेकरच्या आत एक बारीक पत्तीचा स्विच असे (पुढे त्याच्या जागी चुंबक ओळखणारी इलेक्ट्रॉनिक युक्ती आली). छातीवर चुंबक धरला की पेसमेकर हृदयाचं ऐकणं तात्पुरतं सोडतो आणि ठरावीक वेगाने टोचत राहतो. तो वेगच बॅटरीची खूण. एका कंपनीच्या यंत्रांत बॅटरी भरलेली असेल तर मिनिटाला ८५, संपत आली की ६५. म्हणजे घरी बसलेल्या आजोबांनी एका हाताने छातीवर चुंबक धरायचा, शेजारी फोन गुणगुणतोय आणि पलीकडे कुणी सेकंद मोजतंय. हार्मोनियमवाल्याने एक सूर धरून ठेवावा आणि ऐकणाऱ्याने त्यावरून भात्यात किती हवा उरली ते ओळखावं, असा प्रकार. लिथियमच्या टिकाऊ बॅटऱ्या आल्यावरही ही पद्धत अमेरिकेत कितीतरी वर्षं चालू राहिली.

आपल्याकडे ती घरोघर पोचलीच नाही. पोचणार कशी? लँडलाइनसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे ते दिवस. फोन असायचा तो पोस्टात नाहीतर सरपंचाच्या घरी. तिथे छातीवर चुंबक धरून कोण उभं राहणार?

पुढची पायरी म्हणजे दवाखान्यातला तो ठोकळा घरी आला. रुग्णाने तो ठरल्या दिवशी छातीवर धरायचा आणि यंत्राने आतली साठवलेली सगळी वही फोनच्या तारेवरून पाठवायची. आता नुसती ईसीजीची रेघ नव्हे, ओहम, व्होल्ट, महिन्याभरातले ठोके, सगळं जाई. पण ठोकळ्याचं काम चालतं ते दोन वेटोळ्यांमधल्या चुंबकीय जोडणीवर, चार बोटांच्या अंतरात. धरणारा हात लागतोच. आणि माणूस विसरतो.

खरी उडी पडली ती हात सुटला तेव्हा. शरीरातल्या यंत्रांसाठी ४०२ ते ४०५ मेगाहर्ट्झचा रेडिओ पट्टा १९९९ साली अमेरिकेने राखून दिला. या लहरी शरीरातून बऱ्यापैकी बाहेर पडतात आणि ताकद अगदी कमी ठेवली, मायक्रोवॅटमध्ये मोजावी इतकी, तर बॅटरीही फार खात नाहीत. हाच पट्टा हवामान खात्याचे फुगेही वापरतात. आकाशात सोडलेला फुगा वरच्या थंडीवाऱ्याची खबर देतो आणि छातीतला पेसमेकर आतल्या हवामानाची, शेजारीशेजारी, एकाच पट्ट्यावर. बर्लिनच्या बायोट्रॉनिक कंपनीच्या अशा व्यवस्थेला अमेरिकेत २००१ साली, म्हणजे लार्सन गेले त्याच वर्षी, मान्यता मिळाली. उशाशी एक डबी, तिच्यात मोबाइलचं सर्किट. रात्री माणूस झोपला की दोन-तीन मीटरवरून पेसमेकर डबीशी बोलतो, डबी नेटवर्कवरून कंपनीच्या सर्व्हरशी, आणि सकाळी दवाखान्यातल्या संगणकावर नोंद तयार. रुग्णाने करायचं काय? झोपायचं.

२०१७पासून डबीही नाहीशी व्हायला लागली. त्या वर्षी मेडट्रॉनिकने अझ्युअर नावाचा पेसमेकर आणला, तो ब्लूटूथने सरळ स्मार्टफोनवरच्या अ‍ॅपशी बोलतो. कागदावर ही सुधारणा मोठी. घरात मात्र नातू गेम खेळायला ब्लूटूथ बंद करतो, फोनला जागा नाही म्हणून कुणी अ‍ॅपच काढून टाकतं, नवा फोन घेतला की जोडणी पुन्हा करायची असते हे कुणाला माहीत नसतं. मुकी, एकच काम करणारी डबी म्हाताऱ्या माणसांना जास्त मानवते असं माझं मत आहे. अर्थात डबीलाही तिचं म्हातारपण असतं. अमेरिकेत २०२२ साली थ्रीजी नेटवर्क बंद झालं तेव्हा त्यावर चालणाऱ्या जुन्या डब्या बदलाव्या लागल्या. पेसमेकर दहा-बारा वर्षांचा सोबती, मोबाइलची पिढी तेवढी टिकत नाही. ही सांगड घालायची कशी, याचं सोपं उत्तर कुणाकडे नाही.

मग या सगळ्याने फायदा काय झाला? फेऱ्या वाचल्या हा एक. अमेरिकेत ‘ट्रस्ट’ नावाचा अभ्यास झाला, क्लीव्हलँडचे डॉ. नीरज वर्मा यांच्या पुढाकाराने, तेराशेहून अधिक रुग्णांवर. त्यांना पेसमेकरचा थोरला भाऊ, म्हणजे जिवावरचा बिघाड झाल्यास झटका देणारं यंत्र बसवलेलं होतं. २०१० साली निकाल आला. घरून देखरेख असलेल्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या ४५ टक्क्यांनी घटल्या, धोका मात्र वाढला नाही. माझ्या मते त्याहून बोलका आकडा दुसरा आहे. काही बिघडल्यापासून ते डॉक्टरच्या नजरेस येईपर्यंतचा मधला काळ नेहमीच्या पद्धतीत ३६ दिवस होता, तो दोन दिवसांच्या आत आला. छत्तीस दिवस म्हणजे वायर तुटत आली आहे, यंत्राला ते कळलंय, आणि माणूस पुढच्या तारखेची वाट बघत शेतात पाणी धरतोय. २०१५ साली अमेरिकेतल्या हार्ट रिदम सोसायटीने अशा रुग्णांना घरून देखरेखीची सोय द्यावी, अशी पहिल्या दर्जाची शिफारस केली. आणि २०२३च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनानुसार, देखरेख अखंड चालू असेल आणि बाकी तक्रार नसेल, तर प्रत्यक्ष भेट दोन वर्षांपर्यंत लांबवली तरी चालते.

पण कान तिखट झाला की नको तेही ऐकू येतं. हृदयाचा वरचा कप्पा काही मिनिटं नुसता थरथरतो, माणसाला पत्ताही लागत नाही. यंत्र मात्र लिहून ठेवतं. या थरथरीत रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूत जाऊ शकते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘असर्ट’ अभ्यासात अडीच हजारांवर यंत्रधारक होते. पहिल्या तीन महिन्यांतच दहातल्या एकाच्या वहीत सहा मिनिटांहून मोठी अशी मूक थरथर सापडली, आणि त्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे अडीचपट निघाला. मग द्यायचं का रक्त पातळ करायचं औषध? दहा वर्षं या प्रश्नावर खल झाला. २०२३मध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. एकीत फायदा दिसला नाही आणि ती आधीच थांबवावी लागली. दुसरीत, चार हजारांवर रुग्णांत, पक्षाघात वर्षाला १.२४ टक्क्यांवरून ०.७८वर आला, पण मोठे रक्तस्राव वाढले. म्हणजे पेसमेकरने खबर आणून दिली. औषध द्यायचं की नाही, ते अजूनही समोरच्या माणसाचं वय, पूर्वीचे आजार आणि रक्तस्रावाची भीती तोलूनच ठरवावं लागतं.

इथे एक गैरसमज खोडून काढायला हवा, कारण तो आमच्याही घरात होता. डबी आली तेव्हा आत्येभाऊ म्हणाला, “आता पुण्यात चोवीस तास कुणीतरी बघत बसलेलं असणार.” तसं नसतं. निरोप रात्रीतून जातो, सर्व्हरवर पडतो, आणि दवाखाना उघडल्यावर, यादीत नंबर लागल्यावर कुणी तरी उघडतं. छातीत कळ आली, चक्कर येऊन पडायला झालं, तर डबीकडे बघायचं नाही, १०८ला फोन करायचा. दुसरं असं, की रोजच्या वापरात ही वाट एकतर्फी आहे. पेसमेकर सांगतो, पण त्याला घरबसल्या काही सांगता येत नाही. वेग बदलायचा, व्होल्ट वाढवायचे, तर पुन्हा तो ठोकळा आणि ते बाक.

तर निरोप पोचला तरी उघडणारं कुणी हवं. त्याच २०२३च्या मार्गदर्शनात हजार रुग्णांमागे किमान तीन पूर्णवेळ माणसं असावीत असं म्हटलं आहे. कारण येणाऱ्या इशाऱ्यांतले कितीतरी किरकोळ असतात, आणि सारखी घंटा वाजत राहिली की पुजाऱ्यालाही ती ऐकू येईनाशी होते. अमेरिकेत मेडिकेअर या वाचनाचे दर ९० दिवसांच्या हिशेबाने पैसे देतं. आपल्याकडे फी पडते ती रुग्ण समोरच्या खुर्चीत बसल्यावर. जो खुर्चीत बसत नाही, ज्याची नुसती रेघ येते, त्याच्यासाठी वेळ कुणी आणि कोणत्या हिशेबात काढायचा, हा प्रश्न रेडिओच्या पट्ट्यापेक्षा अवघड आहे.

हवेतून बोलणाऱ्या यंत्राच्या बोलण्यात कुणी तिसरा शिरला तर? अमेरिकेचे तत्कालीन उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी यांच्या छातीतल्या यंत्राची बिनतारी जोडणी डॉक्टरांनी २००७ साली बंदच करून टाकली होती, घातपाताच्या भीतीने. ते उघड झालं २०१३मध्ये. २०१७च्या ऑगस्टमध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने अ‍ॅबट कंपनीच्या ४ लाख ६५ हजार पेसमेकरांच्या सॉफ्टवेअरमधली फट बुजवणाऱ्या दुरुस्तीला मान्यता दिली. फटीतून कुणी शिरल्याची एकही नोंद नव्हती. पेसमेकर काढावे लागले नाहीत, पण दुरुस्तीसाठी दवाखान्यात यावं लागे. तीनेक मिनिटांचं काम. तेवढा वेळ यंत्र मिनिटाला ६७ या साध्या वेगावर चालायचं.

हॅकरपेक्षा साधी चूक जास्त संभवते. नॉर्वेच्या मारी मू या स्वतः संगणक-सुरक्षेच्या संशोधक. २०११ साली त्यांना पेसमेकर बसला, नंतर माहितीपुस्तिका वाचताना कळलं की आपल्या छातीत बिनतारी जोडणी आहे. बसवल्यावर काही आठवड्यांनी लंडनमध्ये भुयारी रेल्वेच्या जिन्यात त्यांचा श्वास कोंडला. तपासाअंती निघालं ते असं, की प्रोग्रामरच्या पडद्यावर दिसणारं सेटिंग एक आणि आतलं प्रत्यक्ष दुसरंच. कुणी हल्ला केला नव्हता, सॉफ्टवेअर चुकलं होतं.

आणि हा सगळा मजकूर कुणाचा? २०१६ साली अमेरिकेत ओहायोतल्या एका माणसाचं घर जळालं. सामान आवरून आपण खिडकीतून बाहेर पडलो, असं त्याने सांगितलं. पोलिसांनी त्याच्या पेसमेकरमधली नोंद मागवली, तिच्यातले ठोके त्या धावपळीशी जुळत नाहीत असं म्हटलं आणि विम्यासाठी घर जाळल्याचा आरोप ठेवला. खटला उभा राहण्याआधीच तो वारला. कोर्टात वापरता येते ती नोंद बहुतेक रुग्णांना स्वतःला मात्र सहजी बघायला मिळत नाही. नव्या अ‍ॅपवर बॅटरी आणि शेवटचा निरोप कधी गेला एवढं दिसतं, डबीवर तर नुसता हिरवा दिवा. आपल्याकडे वैयक्तिक डिजिटल माहितीचा कायदा २०२३ साली झाला. माण तालुक्यातल्या ठोक्यांचा निरोप कुठल्या देशातल्या सर्व्हरवर जाऊन बसतो, हे मी दवाखान्यात विचारलं होतं. उत्तर म्हणून मला कंपनीचं छापील माहितीपत्रक मिळालं, इंग्रजीत.

आत्याची डबी चार वर्षांपूर्वी आली. पलंगाशेजारच्या फळीवर, विठोबाच्या तसबिरीखाली ती बसली. धूळ नको म्हणून आत्याने तिला क्रोशाचा रुमाल घातला; दिवा तेवढा दिसावा म्हणून एका कोपऱ्यात उचलून ठेवला. पुण्याच्या फेऱ्या वर्षाला एकावर आल्या. कधी लेकीकडे फलटणला राहायला जायची वेळ आली की डबी साडीच्या घडीत गुंडाळून पिशवीत.

गेल्या उन्हाळ्यात सुट्टीला नातवंडं आली आणि फळीमागचा एकुलता एक सॉकेट मोबाइलच्या चार्जरने बळकावला. कुणाच्या लक्षात आलं नाही. रुमालाखालचा दिवा विझलेला कुणाला दिसणार? मग एके दिवशी दुपारी पुण्याहून फोन आला. दवाखान्यातली मुलगी होती, आवाजात काळजी.

“आजी, तुमची डबी बारा दिवस झाले बोलत नाहीये.”

“अगं,” आत्या म्हणाली, “मी बोलतेय की.”